पट्टीवर न मावलेला शिक्का

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याला डब्या शोधायचा नाद लागला. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं, तिची जागा मोबाइलच्या नकाशावर टाकतं आणि बाकीचे ती हुडकत फिरतात. सापडली की आतल्या कागदावर सही करायची, डबी होती तशी ठेवायची, मोबाइलवर नोंद करायची आणि घरी यायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "मग मिळतं काय?" ते म्हणाले, "डबी मिळते."

मी मनवेलपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला असते. रविवारी सुट्टी. ती सुट्टी झोपण्यात घालवायचा माझा साधा बेत असायचा, पण यांच्याबरोबर कुणीतरी जाणं भाग होतं, कारण एकटा प्रौढ माणूस झुडपात हात घालून बसलेला दिसला की लोक चौकशा करतात. दोघं असलं की कमी करतात. तरी गास गावातल्या एका शेताच्या बांधावर एकदा एका बाईंनी हटकलंच. "काय पडलं का तुमचं?" हे म्हणाले, "अंगठी." झालं. बाईंनी आपल्या जावेला हाक मारली, जावेने सासऱ्यांना, आणि नसलेली अंगठी आम्ही सगळ्यांनी मिळून ऊन चढेपर्यंत शोधली. शेवटी त्या बाईंनीच माझी समजूत घातली, सोनं गेलं ते गेलं, जीव जाळू नका म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की मी यांना घेऊन तडक घरी निघाले.

खेळात बहुतेक लोक काहीतरी टोपणनाव घेतात. यांनी आपलं आडनावासकट पूर्ण नाव घेतलं. "आपण काय चोर आहोत का?" म्हणाले. सगळा जन्म कचेरीत कागदांवर सह्या करण्यात गेलेला. सहीमागे माणूस उभा असतो, असं त्यांचं मत.

पुढे यांना कंपवात निघाला. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. अक्षरही लहान होत जातं, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. ओळ सुरू होताना अक्षर ज्वारीएवढं, संपताना खसखशीएवढं. पुढे पुढे तर सुरुवातच खसखशीपासून व्हायला लागली. आमच्या सोसायटीच्या सभेत यांनी हजेरीच्या वहीत सही केली. तरुण सेक्रेटरीने वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "काका, अंगठा दिलात तरी चालेल." मुलगा चांगला आहे, वाईट हेतूने बोलला नाही. पण आमच्या पिढीत अंगठा कोण देतं हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे सभेला न बसता जिना चढून घरी आले आणि चहा नको म्हणाले.

त्यानंतर डब्यांमधल्या कागदावर त्यांचं नाव मी लिहायला लागले. दोनतीनदा त्यांनी लिहू दिलं. मग म्हणाले, "ही माझी सही नव्हे. ही तुझी सही, माझ्या नावाची." आणि आमचे रविवार बंद पडतात की काय अशी वेळ आली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शिक्क्याची युक्ती त्यांची त्यांनाच सुचली. वसईच्या किल्ल्याजवळच्या डबीतल्या वहीत कुणी बाहेरगावच्या खेळाडूने सहीऐवजी रबरी शिक्का मारला होता, नाव आणि खाली कासव. या खेळात तशी पद्धतच आहे, हौशी लोक आपापला शिक्का करून घेतात. स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडे आम्ही गेलो. त्याने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "खाली हुद्दा काय टाकू?" हे म्हणाले, "खेकडा टाक." शिक्केवाल्याने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. एका खानावळीसाठी काढलेला खेकडा त्याच्या संगणकात तयारच होता.

शिक्का झकास झाला. दाबला की आपोआप शाई घेऊन उमटायचा, त्याला हात स्थिर लागत नव्हता. हे घरात वर्तमानपत्राच्या कडांवर, वाणसामानाच्या पुड्यांवर, माझ्या दुकानातल्या औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर शिक्के मारत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे असे कधी पाहिले नव्हते.

पहिला मान भुईगावच्या डबीला द्यायचा ठरला. एका वाडीच्या कडेला जुनं बावखल आहे, गोड्या पाण्याचं छोटं तळं, त्याच्या कठड्याच्या फटीत ती होती. पेनाच्या टोपणापेक्षाही लहान. आत कागदाची गुंडाळलेली पट्टी, करंगळीएवढ्या रुंदीची, आणि तिच्यावर लोकांच्या इवल्या इवल्या सह्या. शिक्का त्या पट्टीच्या दुपटीने मोठा. हा विचार आम्हा दोघांच्या डोक्यात आधी आला नव्हता. यांनी पट्टी कठड्यावर धरली आणि तरीही शिक्का मारला. खेकड्याचं पोट पट्टीवर आलं, नांग्या कठड्यावर. शाई सुकायच्या आत आम्ही पट्टी गुंडाळून डबी बंद केली.

काही दिवसांनी डबीच्या मालकाचा निरोप आला. गावातलेच कुणी जाणते गृहस्थ असावेत, मराठी स्वच्छ होतं. त्यांनी लिहिलं होतं की शिक्क्याची शाई पसरून आधीच्या सह्या खराब झाल्या, आपल्या नावाचं अक्षरही लागत नाही. या डबीत पेन्सिलीनेच सही करावी. पुन्हा येऊन केलीत तर नोंद ठेवीन, नाहीतर नाइलाजाने काढावी लागेल.

नियम मालकांचा बरोबर होता. यांनी निरोप वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि शिक्का टेबलाच्या खणात टाकला. मी म्हटलं, "मी कळवते ना त्यांना, हाताचं असं असं आहे म्हणून. माणूस समजून घेईल."

"कळवलंस तर मी हा खेळ सोडीन," ते म्हणाले. "सगळीकडे मी आजारी आहे. तिथे नाही."

मग मी कळवलं नाही. पुढचे दोन रविवार मी घरी झोपले आणि झोप आली नाही.

तिसऱ्या रविवारी हे सकाळीच दाढी करून तयार. खिशात पेन्सिल, टोक सुरीने सुईसारखं काढलेलं. स्कूटर मी चालवली. भुईगावात चर्चमधून लोक परतत होते, मिसा नुकतीच सुटली असावी. एका आजोबांनी आम्हाला वाट विचारायची आहे का असं विचारलं, आम्ही नाही म्हटलं.

बावखलाच्या कठड्यावर यांनी पट्टी पसरली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पेन्सिल टेकली, उचलली, पुन्हा टेकली. मी शेजारी उभी होते आणि माझा हात आपसूक त्यांच्या कोपराकडे जायला लागला, तेव्हा मी तो ओढणीत गुंडाळून ठेवला. एका नावाला इतका वेळ लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. वाडीत कुणीतरी पंप चालू केला, पाटाला पाणी आलं, केळींच्या आळ्यांपर्यंत गेलं, तरी हे लिहीतच होते.

मग त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. "लागतंय का?"

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून मी पोट भरते. जे कुणाला लागत नाही ते मला लागतं, अशी माझी दुकानात ख्याती आहे. मी पट्टी उन्हात धरली, जवळ नेली, तिरकी केली. एक करडी रेघ होती, केसाएवढी. बाकी मला काही दिसलं नाही. लागतं म्हणावं असं फार मनात आलं. पण सगळेच त्यांच्याशी गोड बोलत होते.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. पट्टी गुंडाळली, डबीत घातली, डबी फटीत ठेवली. घरी येऊन ते वरणभात जेवले आणि आडवे झाले.

नोंद काढल्याचा निरोप रोज येईल असं मला वाटायचं. दुकानात मोबाइल वाजला की गिऱ्हाईक सोडून मी आधी तो बघायचे. तो निरोप आला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर डबीतली पट्टी भरली म्हणून मालकांनी नवी घातली, आणि जुनीचा फोटो खेळाच्या पानावर टाकला. खाली लिहिलं होतं, सर्व सह्या तपासल्या.

मी काउंटरमागे बसून तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. ती रेघ उकलत गेली. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मात्रा, वेलांट्या, आडनावावरचा अनुस्वारसुद्धा. एकही अक्षर सुटलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मला रडू आवरेना. त्याला वाटलं घरून काही वाईट कळलं, तो बिचारा नंतर येतो म्हणून गेला.

घरी गेल्यावर मी यांना मोबाइल दाखवला. "वाचता आलं मला," मी म्हटलं. "सगळंच्या सगळं."

त्यांनी पडद्याकडे नुसती नजर टाकली. "मी लिहिलंच होतं," ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर तपासून घे तू."

कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात बिघाड त्यांच्यात नसून माझ्यात निघाला होता. मला फार आनंद झाला.