लागते का, पाहून राहिलो

कुणी काही विचारायला दारात आलं की काकाजींचा पाय आधी चपलेत जायचा आणि उत्तर मागून यायचं. ‘माझ्याजवळ नाही ते. पण चाल, ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे नेतो तुले,’ असं म्हणेपर्यंत ते फाटकाबाहेर पडलेले असायचे.

सौंसरला त्यांचं घर आमच्या समोरच. तहसील कचेरीतून ते बाबू म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीत ‘उद्या या’ हे शब्द किती स्वस्त असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. काकाजी मात्र चुकीच्या टेबलाशी आलेल्या माणसाला बरोबर टेबलापर्यंत पोहोचवून यायचे. ‘तुम्हाले खुर्ची देली कायले?’ म्हणून बाकीचे बाबू चिडवायचे. एकदा परगावच्या कुटुंबाला जामसांवलीची गाडी दाखवायला म्हणून गेले आणि मारुतीचं दर्शन घेऊन, प्रसाद घेऊनच परतले. काकूंची भाजी तोवर गार झाली होती. ‘रस्ता दाखवाले गेलो म्हणते,’ काकू मला म्हणाल्या, ‘दाखवला, शेवटपर्यंत!’

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आपण त्यांना रिकामटेकडी म्हणतो. गरज पडली की मात्र त्यांचंच दार वाजवतो.

पुढे ते गावातल्या मुलांच्या रक्तदाता गटात शिरले. वय झालं म्हणून डॉक्टर त्यांचं रक्त घेईनात, याचा त्यांना भारी राग. ‘रक्त काय म्हातारं होते का?’ शेवटी त्यांनी दाते जोडायचं काम अंगावर घेतलं. मुलांनी गटाच्या वेबसाइटवरूनच एक ॲप काढलं. प्रत्येक दात्याच्या नावापुढे ‘फोन करा’ एवढंच बटण. मुलींना कुणी छळू नये म्हणून नंबर झाकलेला. कुणीच सापडलं नाही तर म्हणून सगळ्यात खाली काकाजींचं बटण, आणि त्याच्याशेजारी गटाला मेल पाठवायचं एक.

एका दुपारी चौकातला कापड दुकानदार धापा टाकत आमच्या गल्लीत आला. बायको बाळंतपणाला दवाखान्यात, रक्त जाणं थांबेना, आणि तिचा रक्तगट सहजी न मिळणारा. त्या रक्तगटाचा एक दाता जवळच्या रामाकोना गावचा, ॲपमध्ये त्याचं नाव दिसत होतं. पण बटण दाबलं की पांढरं पान यायचं: हे पान उघडता येत नाही. काकाजींचं बटण दाबलं तरी तेच. ‘तू बायकोजवळ जा. त्याले मी आणतो,’ म्हणत काकाजींनी स्कूटर काढली आणि त्या दात्याला संत्र्याच्या बागेतून चिखलाच्या पायांनीच उचलून आणलं. बाई वाचली. बाळही.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. मी घरी बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी ॲपं बनवते, हे त्यांना ठाऊक होतं.

‘पाह्य वं पोरी, याले काय झालं? ब्राउझरमध्ये लागते, ॲपमध्ये लागून नाही राहिला.’

मी समजावलं, ‘काकाजी, या ॲपच्या आत एक खिडकी आहे. तिला फक्त वेबसाइटची पानं उघडता येतात. फोनची लिंक आली तरी ती पानच समजून उघडायला जाते.’

‘मंग फोनवाल्याले देऊन टाकावं ना तिनं! आपलं काम नाही तं धरून कायले बसते?’

मला हसू आलं, कारण करायचं होतं ते एवढंच. लिंक फोनची असेल तर खिडकीनं ती अडवायची आणि फोनच्या हवाली करायची, मेलची असेल तर मेलच्या. मुलांकडून ॲपचा कोड मागवून घेतला आणि संध्याकाळपर्यंत काम झालं. मग काकाजी आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसून एकेक बटण दाबत सुटले. ‘काही नाही बापा, लागते का, पाहून राहिलो. जेवला का तू?’ अख्ख्या तालुक्याच्या जेवणाची चौकशी झाली.

शेवटी त्यांनी मेलचं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

‘तुमच्या फोनमध्ये मेलचं ॲपच नाही, म्हणून,’ मी म्हटलं.

‘हे तू सांगून राहिली. तू जवळ नसशील तं कोण सांगन? माणूस बसन दाबत. नाही तं नाही म्हणा, पण पुढं कुठं जाचं ते सांगा.’

मी परत लॅपटॉप उघडला. मेल नसेल तर तसा निरोप यावा आणि पत्ता कॉपी करून घेता यावा, अशी सोय केली. आज मी जे काही बनवते त्यात पलीकडे कुणीतरी अडलेला माणूस आहे, हे आधी धरून चालते. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही, काकाजींनी शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात काकाजी गेले. तेराव्यानंतर मुलांनी मला त्यांचं बटण काढायला सांगितलं. काकूंना विचारल्याशिवाय माझा हात धजेना, म्हणून मी समोर गेले. कसं विचारावं ते सुचत नव्हतं, तोच टीव्हीजवळ ठेवलेला काकाजींचा फोन वाजला. काकूंनी हात पुसून तो उचलला.

‘हाव, त्यांचाच नंबर आहे... नाही रे बेटा, ते नाही राहिले आता.’ त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. ‘ठेवू नको. मी आहे ना. सांग, कोणत्या दवाखान्यात आहे? कोणतं रक्त पाहिजे?’

मी माझ्या फोनवर ॲप उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.