आईंची मैत्रीण आणि वळणावरचा क्रॉस

नवऱ्याला इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही लंडनजवळचं रीडिंग सोडलं. रीडिंगला माझा मराठी बायकांचा मोठा गोतावळा होता. इथे खेड्यात एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला एकच घर, त्यात ऐंशीच्या घरातली एकटी बाई. माझं काम घरूनच, लॅपटॉपवर. या बाईंशी मैत्री करायचीच, असं मी ठरवलं. दिवाळीला करंज्या दिल्या, तर दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा दाराशी आणि वर ‘व्हेरी काइंड’ अशी चिठ्ठी. चर्चच्या जत्रेत केक विकायला उभी राहिले. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, पण फाटकाबाहेरूनच. चार वर्षं अशीच गेली.

मग साताऱ्याहून सासूबाई आल्या, उन्हाळ्यापुरत्या.

आमच्या रस्त्याच्या वळणावर ग्रॅनाइटचा एक क्रॉस आहे. कमरेएवढा, डोकं चाकासारखं गोल, त्यात कोरलेला क्रॉस आता जेमतेम दिसणारा. मध्ययुगात चर्चकडे जाणाऱ्यांना वाट कळावी म्हणून कुणीतरी तो उभा केला. पहिल्याच दिवशी फिरायला निघालो आणि आईंनी त्याच्यासमोर चपला काढल्या.

“अहो आई, तो चर्चचा आहे. ख्रिश्चनांचा.”

“असू दे की. वाटेवरचा आहे ना?” त्यांनी हात जोडले, मग जवळ वाकून दगडावर बोट फिरवलं. “अगं, दगडफूल! गोडा मसाल्यातलं!”

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या बागेतली फुलं घेऊन एकट्याच गेल्या. खिडकीतून पाहिलं तर शेजारीण बाई त्यांच्या मागे उभ्या. आता तक्रार येणार, म्हणून मी धावत निघाले. पोचेपर्यंत दोघी हातात हात घालून बाईंच्या घराकडे चालल्या होत्या. फाटक उघडलं, दोघी आत गेल्या, फाटक लागलं.

आईंना इंग्रजीतलं ‘थँक्यू’ येतं, आणि ‘नो शुगर’. तेवढ्यावर त्या रोज जायला लागल्या. परत आल्या की सांगायच्या, “तिच्या स्वयंपाकघरात निळी शेगडी आहे. मूलबाळ नाही तिला. गुडघा उजवा दुखतो, माझ्यासारखाच.” मी कांदा चिरत ऐकत राहायचे. माझ्या इंग्रजीला ऑफिसच्या कॉलवर सगळे नावाजतात, आणि मला बाईंचा गुडघासुद्धा ठाऊक नव्हता. आई निघाल्या की, “आज कपड्यांच्या घड्या घालायच्यात,” असं मी उगाच म्हणायचे. त्या आल्यावर घालायच्या.

एकदा आई तेलाची वाटी घेऊन क्रॉसपाशी गेल्या. बाईंनी त्यांचा हात धरला आणि मला हाक मारली. तेलाने दगड खराब होतो, हे त्यांना माझ्याकरवी आईंना समजावायचं होतं. खरं सांगते, मला आतून फार बरं वाटलं. आता बिनसेल, असं वाटलं. आईंनी ऐकलं आणि वाटी शांतपणे खाली ठेवली.

“बरं. मग पाणी चालेल का, विचार तिला.”

पाणी चालत होतं. बाईंनी क्रॉसच्या कडेचं एक भोक दाखवलं. मध्ये कितीतरी वर्षं हा दगड एका शेताच्या फाटकाचा खांब होता, बिजागरीसाठी पाडलेलं ते भोक. त्यांच्या आजोबांनी तो पुन्हा वळणावर आणून उभा केला होता. “लहानपणी मी या भोकात प्रिमरोझची फुलं खोचायचे,” त्या म्हणाल्या, “तर सगळे रागवायचे. माझ्यानंतर इथे फूल ठेवणारी ही पहिलीच. सांग तिला.”

मी सांगितलं. आईंचे डोळे भरून आले. मग त्या म्हणाल्या, “आता हिला सांग, सून माझी गुणाची आहे. फक्त तिला थांबणं जमत नाही.”

मी तेही सांगितलं, शब्दाला शब्द. बाई खळखळून हसल्या. “माहीत आहे मला. तिची गाडी येता-जाता इथून भुर्रकन जाते ना.”

याच्या भाषांतराची मात्र आईंना गरज पडली नाही. दोघी एकदमच हसत होत्या.

सप्टेंबरात आई परत गेल्या. पुढच्या रविवारी दारावर टकटक झाली. बाई उभ्या होत्या, चक्क ओठांना लिपस्टिक लावून. “तुझ्या आईंशी फोनवर चेहरा दिसेल असं बोलता येतं का गं?”

त्यांनीच मला घरी नेलं. निळ्या शेगडीजवळच्या खुर्चीत त्या बसल्या, मी फोन धरून उभी राहिले. साताऱ्यात आईंनी आपला गुडघा कॅमेऱ्यासमोर धरला, इकडे बाईंनी आपला. तिकडून मराठी, इकडून इंग्रजी. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर बाईंनी हाताने मला गप्प केलं.

निघताना त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी ये हं.” आणि मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, “फोन चार्ज करून आण.”