बाची सही

माझ्या बाला सही मी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे आणि ते मला अजून झोंबतं.

तिसरीत होते. तलासरीच्या डोंगराकडच्या आमच्या पाड्यात पोरांच्या प्रगतिपुस्तकावर बहुतेक बापांचे अंगठेच असायचे. मला माझ्या पुस्तकावर तो निळा डाग नको होता. नागली झोडून झाली तसं बाला खळ्यात बसवलं, हातात काटकी दिली आणि मातीत त्याचं नाव गिरवून घेतलं. पंधरा दिवस डोकं खाल्लं त्याने माझं. शेवटी आमच्या गुरुजींसारखी नावाखाली एक रेघ आणि दोन टिंबं शिकवली. रेघ तो हमखास विसरायचा. मी ओरडले की हसायचा, "चुकलं, मास्तरीण बाय."

मी पाचवीत असताना त्याने दुसरी बाई घरात आणली. आई मला घेऊन डहाणूजवळच्या मसोलीला आली, चिकूच्या वाडीत मजुरीला. नोटाबंदीच्या वर्षी तिने एका शाळेतल्या शिपायाशी लग्न केलं. मी त्यांना काका म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर सरळ भांडले असते. बा महिन्यातून एकदा डहाणू रोडला बाजाराला यायचा आणि स्टेशनबाहेर मला वडापाव खाऊ घालायचा. त्या एका दिवसावर माझा महिना निघायचा.

नववीत काकांनी मला दत्तक घ्यायचं काढलं. आई म्हणाली, "खऱ्या बापाची संमती लागते. त्याने सही दिली की तुझ्या नावापुढे यांचं नाव लागेल."

पुढच्या बाजाराला मी बाला बजावलं, सही करायची नाही. तो म्हणाला, "येडी झालीस का बाय? पोटची पोर कोणी देतं?" माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी घरी येऊन तोऱ्यात सांगितलं, माझा बा हलायचा नाही. आई तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, हरली.

आठवड्याभराने वकिलाच्या कचेरीत आम्ही पोचलो तर बा आधीच येऊन बसलेला. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. वकिलाने कागद वाचून दाखवला आणि विचारलं, कोणाची जबरदस्ती आहे का?

"नाही साहेब. तिकडे मला दोन पोरं झालीत. ही इथे राहून शिकेल. दोन महिन्यांमागेच मी हिच्या आईला बोललो, करून टाका."

दोन महिने. म्हणजे माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा सगळं ठरलेलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आईने खाली बघितलं. काकांनी खाली बघितलं. सगळ्यांना माहीत होतं, मीच एकटी बावळट.

कारकुनाने बाचे भेगाळलेले हात बघितले आणि न विचारताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. बाने ते मागे लोटलं.

"अंगठा नको. सही येते मला. माझ्या पोरीने शिकवलीय."

माझ्या पोरीने. छाती फुगवून बोलला. मग पेन घट्ट धरून, जीभ दातात ठेवून, एकेक अक्षर काढलं. इतकी देखणी सही त्याने माझ्या प्रगतिपुस्तकावरही कधी केली नव्हती. कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बरोबर आली ना बाय?"

मला गप्प बसता आलं असतं. कागद फाडता आला असता. पण जुनी खोड.

"खालची रेघ राहिली," मी म्हटलं.

"चुकलं, मास्तरीण बाय," तो म्हणाला आणि रेघ ओढली. दोन टिंबंही दिली.