एझ्राकाकांचा उत्तररंग

एझ्राकाका अमेरिकन कविता उभं राहून वाचायचे, आणि तीही हातात झांज घेऊन. लंडनजवळ हाउन्सलोतल्या त्यांच्या घरी आम्ही भाड्याने वरची खोली बघायला गेलो, तेव्हा बेल वाजवायच्या आधीच पुढच्या खिडकीतून हे दृश्य दिसलं. पन्नाशी उलटलेला काटकुळा माणूस, गळ्यात टाय, फायरप्लेसवरच्या घड्याळाला टेकवून ठेवलेलं एक चुरगळलेलं पेपरबॅक, आणि दर दोन ओळींनी झणकन झांज. आमचे हे नुकतेच इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागले होते आणि त्यांना शांतता हवी होती. ते म्हणाले, दुसरीकडे बघू या. मी म्हटलं, मुळीच नाही. परक्या देशात येऊन महिना झाला होता, आणि झांजेचा आवाज ऐकून मला रडू यायच्या बेतात होतं.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळचे अलिबागकडचे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे, शनिवार पाळायचे, आणि मासळीला नारळाचं वाटण असं लावायचे की आमच्या पुणेरी घरात तोंडात मारल्यासारखं व्हावं. त्यांचे वडील सिनेगॉगमध्ये मराठीतून कीर्तन करत. ज्यूंचंही कीर्तन असतं, त्यातही पूर्वरंग आणि उत्तररंग असतात, साकी-दिंडी असते, हे मला पुण्यात जन्म काढून ठाऊक नव्हतं. ते हाउन्सलोत कळलं. वडिलांची झांज काका बोटीतून बरोबर घेऊन आले होते.

आणि पुस्तकं? ती विमानातून यायची. काका एअरपोर्टवर हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात होते. छत्र्या, हातमोजे, कवळ्या यांच्याबरोबर अमेरिकन प्रवासी आपली पुस्तकंही सीटच्या खिशात विसरून जात. मुदतीत कुणी मागायला आलं नाही की ती रद्दीत जायची. काकांनी साहेबाला विचारून ती घरी आणायला सुरुवात केली. कसली पुस्तकं ती! केस वाढवून घर सोडलेली पोरं, ऑफिसला नाही म्हणणारी, लढाईला नाही म्हणणारी, शेतावर जाऊन एका चुलीवर वीस जणांचा स्वयंपाक करणारी. आणि कविता तर विचारू नका. स्वल्पविराम नाही, यमक नाही, देवाला, सरकारला आणि फ्रिजला एकाच दमात जाब विचारलेला.

पुस्तक हाती आलं की काका आधी खूण शोधायचे. कुठे बोर्डिंग कार्ड, कुठे पान दुमडलेलं. वाचायला सुरुवात तिथूनच, पहिलं पान नंतर. मी विचारलं, हे काय उलटं? तर म्हणाले, "बिचारा इथपर्यंत आला आणि विसरला. पुढचं त्याच्यासाठी मी वाचतो. मग माझ्यासाठी पहिल्यापासून." मला ते डॉक्टरीणबाई म्हणत. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये रक्त तपासते, असं कितीदा सांगितलं; काही उपयोग झाला नाही.

एवढ्या सरळ माणसाला ही बंडखोरी का आवडावी, याचं मला नवल वाटायचं. काका झेब्रा क्रॉसिंग सोडून कधी रस्ता ओलांडणार नाहीत. बसच्या रांगेत पुढचा माणूस सरकला नाही तर हे दोन बसेस सोडतील. एकदा मी त्यांना चिडवलं, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मुंबईत येस सर, इथं येस सर. आयुष्य त्यात गेलं. कुणीतरी नो सर म्हणतोय, ते वाचू तरी दे मला."

नुसतं वाचून भागेना, तेव्हा त्यांनी कीर्तन रचलं. आमचं मराठी मंडळ म्हणजे काही डॉक्टरांची कुटुंबं, काही बेने इस्रायली कुटुंबं, आणि रविवारी दुपारी मिळणारा चर्चचा हॉल. पूर्वरंगात तत्त्व: माणसाने 'नाही' कधी म्हणावं. उत्तररंगात आख्यान: लढाईचं बोलावणं नाकारणारा एक अमेरिकन मुलगा. कुणा अनोळखी कवीची लांबलचक कविता काकांनी अभंगात बसवली होती:

तुमची बंदूक । ठेवा तुम्ही घरी ।
आई माझी दारी । उभी आहे ॥

मूळ कवितेत शिव्या भरपूर. त्या कीर्तनात कशा म्हणायच्या? तर जिथे शिवी, तिथे काका झणकन झांज मारायचे. हार्मोनियमवर फ्लोराकाकू, म्हणजे त्यांची बायको. कुठल्या झांजेखाली कुठली शिवी आहे हे त्या बाईला पाठ होतं, आणि नेमक्या जागी त्यांचे कान लाल व्हायचे. कार्डिफहून आलेले एक सर्जन मला म्हणाले, बुवांचा ताल जरा जास्तच नाही का? मी म्हटलं, विषयच तसा आहे.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणाचं भाषण आवडलं, कुणी मोठी आश्वासनं दिली, की ते मान हलवून म्हणायचे, "पूर्वरंग कुणीही रंगवील. माणूस कळतो उत्तररंगात." स्वतःच्या घरात तो उत्तररंग येईल असं त्यांना वाटलं नसणार.

त्यांची रुबी कॉलेजात होती. एका शुक्रवारी तिने जेवायला टॉमला आणलं. आम्हीही टेबलाशी होतो. अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखातला उंच, लाजरा मुलगा, केस खांद्यापर्यंत. व्हिएतनामला जायचं नाही म्हणून देश सोडून आलेला. परत गेला तर तुरुंग. म्हणजे थेट काकांच्या आख्यानातून उठून आला होता म्हणा ना! काकांनी त्याला माशाचा मधला तुकडा वाढला, कवितांबद्दल विचारलं. सगळं छान चाललं होतं. मग रुबीने सांगितलं की दोघं लग्न करणार आहेत.

काकांचा हात ताटातच थांबला. त्यांनी टॉमला इंग्रजीत एवढंच विचारलं, तुझी आई काय म्हणाली? टॉम म्हणाला, ती दारात उभी राहून रडली, मग वडिलांनी दार लावून घेतलं. काकांनी ताट दूर सारलं. तो ज्यू नाही, त्याला घर नाही, परत जायला देश नाही. बापाच्या मनात काय काय आलं असेल, ते आता माझी मुलं मोठी झाल्यावर मला समजतं. तेव्हा मात्र मला भयंकर राग आला.

"पुस्तकातली गोष्ट वेगळी, रुबी," ते मराठीत म्हणाले. "पुस्तक मिटता येतं."

रुबी इथे वाढलेली. चिडली की तिचं मराठी धडपडायचं. "मग तुमचा सगळा पुस्तक खोटा आहे, बाबा," ती म्हणाली, आणि टॉमचा कोट घेऊन उठली. फ्लोराकाकू दारापर्यंत गेल्या. काका खुर्चीतून हलले नाहीत.

रुबी आणि टॉम कार्डिफला गेले. त्याला तिथल्या बाजारात भाजीची खोकी उतरवायचं काम मिळालं. इकडे घर मुकं झालं. झांज खुंटीवर गेली. एअरपोर्टवरून पुस्तकं येईनाशी झाली. काकांनी रद्दीत जाऊ दिली असणार. शुक्रवारी फ्लोराकाकू रुबीचं ताट मांडायच्या आणि जेवणं झाली की तसंच उचलायच्या. त्यांनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिदा बोलला होता. कोकणातल्या ज्यूंचा हा नवसाचा प्रसाद: भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, फळं. मनासारखं झालं की करायचा. मी एकदा जिन्यात काकांना अडवून म्हटलं, काका, झांज काळी पडेल. ते म्हणाले, पडू दे, आणि खाली उतरून गेले.

वसंतात मंडळाने पुन्हा कीर्तन मागितलं, तेच, अमेरिकन मुलाचं. मला वाटलं काका नाही म्हणतील. पण त्यांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं होतं का? एका लेकीशिवाय? ते हो म्हणाले. त्या संध्याकाळी फ्लोराकाकूंनी माझ्यासमोर कार्डिफला फोन लावला. हालहवाल नाही, रडारड नाही. म्हणाल्या, "रविवारी तुझ्या बाबांचं कीर्तन आहे. हार आणायचा राहिलाय." आणि फोन ठेवून दिला.

पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा आणि मग आख्यान, ही कीर्तनाची रीत. त्या दिवशीचा पूर्वरंग काकांनी कसाबसा ओढला. आवाज कोरडा, झांज चुकार. ते थांबले, घाम पुसला, आणि मागच्या दारातून रुबी आत आली. हातात पिवळ्या डॅफोडिल्सचा हार, ओबडधोबड ओवलेला. अर्धी फुलं कार्डिफहून येणाऱ्या बसमध्येच मान टाकून बसली होती. टॉम मागेच बूट काढून सतरंजीच्या कडेला बसला. रुबीने बापाच्या गळ्यात हार घातला, वाकून नमस्कार केला.

"बाबा, पूर्वरंग छान झाली," ती म्हणाली. "आता उत्तररंग."

फ्लोराकाकूंनी पेटीवर सूर धरून ठेवला. काकांनी गळ्यातला हार सरळ केला. मग म्हणाले, "मंडळी, आजचं आख्यान माझ्याजवळ नाही. ते तिथे मागे बसलंय." आणि टॉमला हाक मारली. तो बिचारा मोज्यांवर घसरत पुढे आला. काकांनी कोटाच्या खिशातून ती कविता असलेलं जुनं पेपरबॅक काढून त्याच्या हातात दिलं आणि खुणेनं सांगितलं, वाच.

टॉमला काय माहीत झांजेचं प्रकरण? त्याने सरळ वाचायला सुरुवात केली, आणि पहिली शिवी सगळ्या डॉक्टरमंडळींसमोर स्वच्छ, मोठ्यानं पडली. काका दचकले, झांजेकडे धावले, झणकन वाजवली. पण उशीर झाला होता. पुढच्या शिवीलाही उशीर. मुलगा एक मात्रा पुढे, सासरा एक मात्रा मागे. सर्जनसाहेबांनी रुमालात तोंड खुपसलं. फ्लोराकाकूंचे कान तर डाळिंबासारखे झाले, पण पेटी त्यांनी सोडली नाही. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मग ती जागा आली, आई दारात उभी असल्याची. टॉम तिथे थांबला. त्याला पुढचं वाचता येईना.

पुढचं त्याच्यासाठी काकांनी म्हटलं. मराठीत, अभंगात, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. संपल्यावर स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी घरात मलिदा झाला. मला आणि टॉमला फ्लोराकाकूंनी दोनदा वाढला.

लग्न रजिस्टर ऑफिसात झालं. सिनेगॉगमध्ये झालं नाही याचं काकांना दुःख होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत लपवलं नाही. पण पुस्तकं पुन्हा यायला लागली. शुक्रवारच्या ताटांत एक ताट वाढलं.

पुढे त्या देशाने लढाई नाकारणाऱ्या मुलांना माफ केलं आणि टॉम आईला भेटायला निघाला. काका तोवर रिटायर झाले होते. तरी एअरपोर्टवर गेले, मलिद्याचा डबा त्याच्या हाती दिला. आईसाठी, म्हणाले, दार उघडल्यावर. दार उघडलं. टॉम परत आला तो काकांसाठी दुकानातून घेतलेलं कोरं करकरीत कवितांचं पुस्तक घेऊन. कुणी विसरलेलं नव्हे, त्यांच्यासाठीच आणलेलं असं पहिलंच. काकांना त्याचं फार अप्रूप. खूण शोधायची सवय, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेच त्यांना कळेना, असं रुबी सांगत होती.

त्याच हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखायला लागलं, आणि हॉस्पिटलात पोचायच्या आतच सगळं संपलं. आमच्या ह्यांनाही काही करता आलं नाही. कबरस्तानात टॉम सगळ्यांत जास्त रडला.

आठवड्याचं सुतक संपल्यावर रुबी माझ्या घरी आली. तोवर आम्ही पलीकडच्या गल्लीत स्वतःचं घर घेतलं होतं. तिने ते पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मधोमध बसचं तिकीट होतं. म्हणाली, "ताई, बाबा इथपर्यंत आला होता. मला नाही वाचवत. तू वाच."

मी उभी राहिले. पुस्तक किटलीला टेकवून ठेवलं आणि तिकिटापासून वाचायला लागले, मोठ्यानं, माझ्या पुणेरी इंग्रजीत. पान उलटताच शिवी आली. माझ्याकडे झांज नव्हती. मी चमचा उचलला आणि कपावर वाजवला, जरा उशिराच.