आईच्या लग्नाची गाडी डिझेलची होती की कोळशाची?

मंडळी, आज डोकं पार चक्रावलंय. तुम्हीच सांगा काय ते.

आई-बाबांना घेऊन आज दारव्ह्याला गेलतो, आईच्या माहेरी. परतताना आई म्हणाली, "जरा स्टेशनवर ने. नवरी होऊन तिथूनच यवतमाळले निघालती मी."

नॅरोगेज गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. रुळांवर गवत माजलंय.

आई सांगू लागली, "एकच डबा होता. इंजिन त्याच्याच पोटात. डायव्हर माह्या पुढंच बसलता."

बाबा आर्णीत डिझेल मेकॅनिक आहेत. ते हसले. "अवं, तशी रेलबस या लाइनवर आलीच नाही. समोर डिझेल इंजिन होतं अन् मागं डबे."

फलाटावर एक आजोबा बसले होते, त्यांना लग्नाचं साल सांगून विचारलं. ते म्हणाले, "तवा कोळशाचंच इंजिन होतं. डिझेल मागून आलं."

आईचा चेहरा उतरला. अलीकडे ती बरंच विसरते, म्हणून मलाही धास्ती वाटली.

ती बाबांना म्हणाली, "गाडी कोणतीबी असो. मी रडत होती तवा तुम्ही मले रुमाल देला, हे तरी खरं ना?"

बाबा गोंधळले. "मी तर दोस्तांसंग दुसऱ्या डब्यात होतो. तुले रुमाल कोणं देला?"

घरी आल्यावर आई तशीच आत जाऊन पडली.

दारव्हा-यवतमाळ लाइनवर एका डब्याची डिझेल गाडी तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का? एकानं जरी 'हो' म्हटलं, तरी आईला आत्ताच उठून सांगतो.