भाऊसाहेबांच्या मोटारीतला रेडिओ आणि दादाचं इंजिन

माझी नात रोज संध्याकाळी तुमचे हे अनुभव मोबाईलवर मोठ्याने वाचते आणि मी खाटेवर पडून तिची टिंगल करतो. परवा ती वैतागली. म्हणाली, "आजोबा, एवढं हसताय, मग तुमचा तो मोटारीतल्या रेडिओचा किस्सा काय होता?" म्हणून हे लिहितोय... म्हणजे मी सांगतोय आणि ती टाईप करतेय. चुका तिच्या समजाव्यात.

भुतंखेतं, हडळ, मुंजा या मंडळींशी माझं कधीच जमलं नाही. मी रेडिओ मेकॅनिक. पालघर स्टेशनजवळ माझं टीचभर दुकान होतं. रेडिओ खरखरला तर त्याला कारण असतं, गप्प बसला तरी कारण असतं, आणि स्क्रू काढले की ते सापडतं. ह्या एका गोष्टीवर मी संसार केला.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि बोईसरच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली असायची. आम्ही माहीमचे कोळी. हो, पालघरजवळचं माहीम. मुंबईचं नव्हे, हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. माझा थोरला भाऊ, दादा, बोटीवर. मी मात्र बोटीत पाय ठेवला की ओकायचो, म्हणून घरच्यांनी मला रेडिओचं काम शिकायला पाठवलं. दादा येताजाता चिडवायचा, "काय रं, तुज्या त्या खोक्याला मासा लागतो का कंदी?" मला राग यायचा. कोळ्याच्या पोराने समुद्राला घाबरावं ही काय लहान गोष्ट आहे का?

दादाच्या बोटीला नुकतंच डिझेलचं जुनं इंजिन बसवलं होतं. ते इंजिन म्हणजे सगळ्या कोळीवाड्याची करमणूक. ढब ढब ढब करत यायचं आणि मध्येच एक ठोका गिळायचं. मग पुन्हा ढब ढब ढब... पोरं त्याला उचकी म्हणायची. पण आमच्याकडे बायका आपापल्या बोटीचं इंजिन आवाजावरून ओळखतात. दूरवर ती उचकी ऐकू आली की माझी वहिनी चुलीवर भात टाकायची आणि पाटी घेऊन किनाऱ्यावर जायची. भात शिजेपर्यंत दादा दारात.

आता भाऊसाहेब. माहीममधले मोठे बागाईतदार, पानवेली आणि नारळ. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची विलायती मोटार होती, लाकडी डॅशबोर्डची, आरशासारखी पुसलेली. तारापूरला कुठल्याशा गोऱ्या इंजिनिअरच्या गाडीत त्यांनी रेडिओ ऐकला आणि त्यांना झोप येईना. मला बोलावून घेतलं. जुन्या बॅटरीवर चालेल असा नवा ट्रान्झिस्टरचा सेट मी मुंबईहून शोधून आणला. पण डॅशबोर्ड कापायला करवत काढली तर भाऊसाहेब आडवे आले. "नारायणा, अरे तिच्या छातीला भोक पाडतोस!"

"मग टपावर बसवू का?" मी म्हणालो. शेवटी ते तोंड फिरवून उभे राहिले आणि मी कापलं.

त्याच्या आदल्या रात्री समुद्रावर अचानक मोठा वारा सुटला होता. सकाळी बाकीच्या बोटी परत आल्या, दादाची आली नाही. असं पूर्वीही झालं होतं. कुठल्यातरी खाडीत शिरला असेल, येईल दुपारपर्यंत, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो. करवत चालवत होतो ती केवळ हाताला काम हवं म्हणून.

जेवणवेळेला सेट भोकात बसला. बॅटरीची तार जोडली, स्पीकर जोडला. एरियल अजून वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटवर पडलेली. एरियलशिवाय मोटारीतला रेडिओ नुसता सूं सूं करतो, आणि मला तेवढंच बघायचं होतं. बटण फिरवलं.

ढब ढब ढब ढब... (उचकी) ...ढब ढब.

मला वाटलं, मोटारीच्या प्लगचा आवाज. स्पार्क पडला की रेडिओत कटकट येते, हा नेहमीचा त्रास आहे. पण मोटार बंद होती! किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात. मग वाटलं, वाडीतला पाण्याचा पंप असेल. जाऊन बघितलं, पंप बंद. काटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, तरी आवाज तोच. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो, पण तोंडाने मी सेट बनवणाऱ्याला शिव्या घालत होतो.

एवढ्यात वहिनी फाटकातून धावत आली. गावातली माणसं केळव्याच्या बाजूला शोधायला निघाली होती, रात्रीचा वारा तिकडेच वाहत होता म्हणून. भाऊसाहेबांनी मोटार द्यावी म्हणून ती हात जोडणार, तोच थबकली. तशीच पुढे आली आणि डॅशबोर्डला कान लावला.

"भावजी, हा आमचा इंजिन हाय."

"वहिनी, ते रेडिओचं..."

"मला नको शिकवू. मी झोपेत पन वलखीन."

भाऊसाहेब देवभोळे. त्यांनी काही न विचारता किल्ली काढली. वहिनी मागे बसली, मी पुढे. फाटकाबाहेर मोटार केळव्याच्या दिशेला वळली आणि आवाज बसत बसत मुंगीएवढा झाला. वहिनी ओरडली, "फिरवा! मागं फिरवा!" पालघरच्या रस्त्याला तोंड केलं तर आवाज पुन्हा वर. पालघरला बोईसरचा फाटा घेतला तेव्हा तर डॅशबोर्डचं लाकूड थरथरायला लागलं. आता मी रेडिओला हातही लावत नव्हतो. शोधणारी सगळी माणसं केळव्याकडे, आणि आम्ही तिघं बरोबर उलट दिशेला. चुकलो असतो तर दादाचं काय झालं असतं, हा विचार मी त्या रस्त्यावर शंभरदा केला असेल.

बोईसरला अडकलो. प्रकल्पाचं कसलंसं अवाढव्य यंत्र घेऊन एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला होता. भाऊसाहेबांनी मोटार बंद केली. शेजारच्या ट्रकमधून ड्रायव्हर वाकून म्हणाला, "चाचा, इंजन तो बंद कर लो, आधा घंटा लगेगा."

भाऊसाहेबांनी खिडकीतून त्याला किल्ली दाखवली. तो बिचारा किल्लीकडे बघतो, बॉनेटकडे बघतो... आणि काच वर करून घेतो. म्हणजे ऐकणारे आम्ही तिघंच नव्हतो, हे मुद्दाम नोंदवतो.

तारापूरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आवाज एवढा मोठा की जाळी विणणारी माणसं उठून आली. त्यांच्यात एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होता. वहिनीने त्याला एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा हसणार. पण तो मोटारीत डोकं घालून ऐकत राहिला, मग समुद्राकडे बघत म्हणाला, "खडकाच्या अंगाला पानी ओढते. तिकडं गेला असंल तर आमाला हितून दिसनार नाय." लगेच बोट लोटली.

ती बोट लांब गेली... आणि रेडिओ बंद पडला. एकदम. ढब, आणि पुढे काही नाही. मी बटणं पिरगाळली, तारा हलवल्या. नुसतं सूं सूं. मागच्या सीटवरचं ते वर्तमानपत्राचं गुंडाळं वहिनीने मांडीवर घेऊन घट्ट धरलं होतं. आमच्या घराचं सगळं त्या एका आवाजावर चाललं होतं आणि तो माझ्या हाताखाली मेला, असं मला वाटलं. किती वेळ गेला विचारू नका. घड्याळाकडे बघायचं भान कोणाला होतं?

सूर्य टेकता टेकता तांडेलाची बोट दिसली. तिच्यामागे दोराने बांधलेली दुसरी. पुढच्या टोकाला दादा उभा! वहिनी कमरेएवढ्या पाण्यात शिरली. आणि मी... समुद्राला घाबरणारा मी, तिच्या पुढे होतो. रडत होतो, हसत होतो, भाऊसाहेब किनाऱ्यावरून "देवा, देवा" करत होते. एवढं हलकं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

तांडेलाच्या घरीच जेवायला बसलो. वहिनी म्हणाली, "बरं झालं तुमी इंजिन चालू ठेवला. त्याच्या आवाजावर आलो आमी."

दादाचा घास हातात राहिला. "कुठला इंजिन? काल रातीच पानी शिरून मेला तो. नांगराचा दोर पन तुटला. दिसभर नुसतं हालत व्हतो आमी. सगला गप."

दुसऱ्या दिवशी मी तो सेट बाहेर काढून पूर्ण उघडला. काही सापडलं नाही. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, त्यामुळे ते चालू असतं तरी रेडिओत यायला नको, आणि इथे तर चालूही नव्हतं. मोटारीच्या नाकाची दिशा बदलली की आवाज का बदलायचा? एरियल नसताना काय पकडलं त्याने? नंतर तोच सेट भाऊसाहेबांच्या मोटारीत कित्येक वर्षं बातम्या आणि गाणी देत राहिला, उचकी पुन्हा कधी आली नाही. ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी खाली लिहा, नात वाचून दाखवेल.

त्या संध्याकाळी मात्र मी उत्तर शोधत नव्हतो. मी दादाला जेवताना बघत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, परत भात वाढून घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लागला रं. तुज्या खोक्याला मासा लागला."