तांडेलांची सुई

आमचे तांडेल वादळाला भीत नसत, कोयतीला भीत. तांडेल म्हणजे बोटीचे म्होरके, आणि माझे सासरे. होकायंत्राजवळ कुणी कोयती ठेवली की ते ओरडत, "लांब कर ती! सुयेक नजर लागता!" दसऱ्याला होकायंत्राची पूजा करताना कुंकू थेट काचेवर लावत आणि नंतर सुई दिसत नाही म्हणून स्वतःच शिव्या घालत.

माझं नवीन लग्न झालं तेव्हा एकदा किनाऱ्यावर त्यांनी मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून काळ्या रेतीतून ओढला. रेतीचे कण त्याला उभेच्या उभे चिकटले.

"बघ गो, माझ्या दाढीसारखी ना? ह्या रेतीत लोखंड आसा. आनी भूंय म्हणजे मोठो लोहचुंबकच. सगळ्यांका सांगता, उत्तरेक बघा. आयकता फक्त सुय."

मी चौथी शिकलेली. मान हलवली.

आमच्या मालवणच्या उत्तरेला कुणकेश्वर, सासूबाईंचं माहेर. "सुय माझ्या सासरवाडीक बघता," असं तांडेल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सासूबाई चुलीकडून म्हणत, "सुयेक तरी लाज आसा. तुमी खंय बघतास?"

कारण तिकडे मेहुण्याच्या लग्नानंतरच्या जेवणात तांडेलांच्या पानात सुरमईची शेपटी पडली होती. जावयाला शेपटी! तेव्हापासून ते तिकडे गेले नाहीत आणि बायकोलाही जाऊ दिलं नाही. तिकडे सासूबाईंची आई थकत चालली होती. दर महाशिवरात्रीला सासूबाई कुणकेश्वरच्या जत्रेचं नाव काढत, आणि तांडेल जाळं शिवायला बसत.

एका महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी तांडेल आणि माझा नवरा बोट घेऊन गेले. सकाळी दाट धुकं पडलं. दुपार झाली तरी बोट नाही. सासूबाई उपाशीपोटी किनाऱ्यावर उभ्या, देवाला आणि तांडेलांना सारख्याच शिव्या देत.

संध्याकाळी बोट लागली. नवरा हसतच उतरला.

"आये, बाबांनी वाट चुकवल्यानी. मालवण म्हणान आमी खंय लागलव सांग? कुणकेश्वराक! मामा किनाऱ्यारच हुबो. हात धरून घरी नेल्यान."

"आनी हे गेले?" सासूबाईंना खरंच वाटेना.

"उपासाचो दिस," तांडेल म्हणाले. "ताटात रताळी. रताळ्याक ना डोकां, ना शेपटी. रागावतलंय कशार?" मग जाळ्याकडे बघत सासूबाईंच्या आईबद्दल हळूच म्हणाले, "तुझी आवस तुका विचारीत होती. जत्रा उद्या पण आसा. तयारी कर."

मी डबे आणायला बोटीत चढले. होकायंत्राच्या पेटीला तांडेलांचा रेडिओ घट्ट बांधलेला होता. बातम्या ऐकायला, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. पण रेडिओत स्पीकर असतो आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक, हे मला त्यांनीच दाखवलेलं. आणि कोयतीवरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस! गाठही त्यांचीच होती. मी डबे उचलून खाली उतरले. तेवढं मला चांगलं जमतं.

आता तांडेल नाहीत. नवऱ्याच्या बोटीवर जीपीएस आला. होकायंत्र आणि रेडिओ घरात फळीवर शेजारीशेजारी असतात. परवा धूळ पुसताना मी रेडिओ बाजूला केला. सुई थरथरली आणि शहाण्यासारखी उत्तरेला वळली.

"ठेव तो परत थंयच," सासूबाई मागून म्हणाल्या. "त्या दिवशी सुय बरोबर आसती, तर माझी आवस माका गावली नसती."